ग्रेड चुकला ते सोडा, दोन लिटर ऑईल गेलं कुठं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ची डिझायर डिझेल, १ लाख ३२ हजार किलोमीटर चाललेली. सोलापूरहून पुण्याला येताना ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्यानं ड्रममधलं २०डब्ल्यू-४० ऑईल जवळपास दोन लिटर ओतलं, दिवा गेला, गाडी पुण्यात आली. नंतर शहरात धरून ३०० किलोमीटर झाले. आता सकाळी स्टार्ट केल्यावर तीन-चार सेकंद खडखड येते आणि मग थांबते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय. मित्र म्हणतो इंजिन कामाला आलं, दुसरा म्हणतो फ्लश मारून घे, म्हणजे केमिकल घालून इंजिन आतून धुऊन घे, आणि मेव्हणे, ज्यांच्याकडं बीएस-६ डिझेल गाडी आहे, ते म्हणतात ऑईल ऑईलच असतं, मी पण ट्रॅक्टरचंच टाकतो, काय होत नाही.

दादा, तुम्ही अख्ख्या प्रश्नात ग्रेडचीच काळजी केलीय. मी २३ वर्षं गॅरेज चालवतोय, पुणे-कोल्हापूर हायवेलगत, आणि मला तुमच्या प्रश्नात एकच वाक्य डोळ्यात खुपलं, "जवळपास दोन लिटर ओतलं". या १.३ इंजिनात एकूण ऑईलच बसतं तीन-सव्वातीन लिटर. म्हणजे दिवा लुकलुकत होता तेव्हा तुमच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, लिटर-सव्वा लिटरच शिल्लक होतं. त्या माणसानं ड्रममधलं जे काय ओतलं त्यानं तुमचं इंजिन बिघडलं नाही, उलट त्यानं ते वाचवलंय. तो नसता तर पुढच्या ५० किलोमीटरमध्ये कुठंतरी तुम्ही टोइंगची वाट बघत बसला असता. तेव्हा त्याला शिव्या घालू नका.

तो लाल दिवा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. ऑईल कमी झालं की पहिले काही दिवस काहीच दिसत नाही, पंपाची जाळी बुडलेली असते तोवर प्रेशर अगदी ठणठणीत. मग एक दिवस वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑईल चेंबरच्या एका कोपऱ्यात जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लागतो. लोक म्हणतात सेन्सर खराब असेल. दिवा लुकलुकला याचा अर्थ तेवढा वेळ क्रँकच्या बेअरिंगला आणि टर्बोला ऑईल मिळालं नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो बॉल बेअरिंगवर नाही तर ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्याला दोन सेकंद उपास घडवला तरी तो लक्षात ठेवतो. म्हणून लाल दिवा आला की गाडी बाजूला आणि इंजिन बंद, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचारच नाही.

आता ग्रेडचं. काकवी बघितलीय ना? आमच्याकडं गुऱ्हाळं आहेत त्यामुळं मी गिऱ्हाईकाला नेहमी काकवीचंच सांगतो. थंडीत बरणी उलटी केली तरी काकवी खाली यायला वेळ लावते, तीच गरम केली की पाण्यासारखी धावते. ऑईलचं तसंच. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे वजन नाही, विंटर. पहिला आकडा गार असताना ऑईल किती सहज हलतं तो, जितका लहान तितकं गार हवेत पातळ. दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावर, १०० डिग्रीला, ऑईल किती जाड राहतं तो. ३० म्हणजे १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे त्याच्याही वर २१.९ पर्यंत. म्हणजे गरम इंजिनात ३० आणि ४० हे सख्खे शेजारी आहेत, कुंपण एकच. ३० मधलं जाड आणि ४० मधलं पातळ ऑईल यात फारसा फरक उरत नाही.

खरा फरक गार इंजिनात. साधारण ४० डिग्रीला ५डब्ल्यू-३० ऑईल ६५-७० सेंटिस्टोकच्या आसपास असतं, १५डब्ल्यू-४० शंभराच्या पुढं जातं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्याही वर. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १० डिग्रीला तर हा फरक आणखी वाढतो. म्हणजे जाड ऑईल टाकून सकाळी स्टार्टर मारला की वरपर्यंत ऑईल पोचायला एक-दोन सेकंद जास्त लागतात. तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि त्या चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट पण हायड्रॉलिक आहेत, तेही ऑईलनंच भरतात. ऑईल पोचायला उशीर झाला की चेन तेवढा वेळ सैल राहते आणि कव्हरच्या आत आपटते. तीच तुमची खडखड. ऑईल पोचलं की आवाज बंद.

तर म्हणे २०डब्ल्यू चं ऑईल थंडीत चालतच नाही, असं काही नाही. २०डब्ल्यू ची स्टार्टिंगची परीक्षा उणे १५ डिग्रीला घेतात, १५डब्ल्यू ची उणे २० ला, ५डब्ल्यू ची उणे ३० ला. आपल्याकडं उणे आकडा बघायला थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. इकडची पोरं जानेवारीत लेहला जायचं म्हणून येतात तेव्हा मी पहिला आकडा काटेकोर बघतो, एरवी महाराष्ट्रात पहिल्या आकड्यानं इंजिन सीझ झालेलं मी एकही बघितलेलं नाही. आवाज येतो, पिकअप जरा जड लागतो, ॲव्हरेज थोडं पडतं, सकाळच्या त्या दोन सेकंदांची झीज वर्षानुवर्षं साठत जाते, पण ३०० किलोमीटरमध्ये इंजिन जात नाही. मित्राला सांगा, इंजिन काय एवढं लगेच रुसत नाही.

उलटी चूक मात्र जास्त महाग. जिथं ४० मागितलंय तिथं ०डब्ल्यू-२० टाकणं. हल्ली पेट्रोल हायब्रीडसाठी पातळ ऑईल सर्रास मिळतं, दुकानदार "सर लेटेस्ट आहे, ॲव्हरेज वाढेल" म्हणून खपवतो. डिझेल इंजिनात घाटात लोड आला की बेअरिंगमध्ये ऑईलचा थर १५० डिग्रीला आणि प्रचंड दाबाखाली चिरडला जातो, तिथं तो तुटता कामा नये. यासाठी वेगळी टेस्ट आहे, एचटीएचएस म्हणतात, २० ग्रेडला किमान २.६ चालतं, ३० ला २.९ लागतं, आणि बऱ्याच डिझेल इंजिनांचे कारखानदार ३.५ मागतात. काही नवीन डिझेल इंजिनं पातळ ऑईलसाठीच बनवलेली आहेत, त्यांची बेअरिंगची फट, पंप सगळं तसंच असतं, त्यांची गोष्ट वेगळी. पण जुन्या इंजिनात हा प्रयोग नको. जाड टाकलं तर इंजिन कुरकुर करतं, पातळ टाकलं तर काही बोलत नाही, ट्रॅफिकमध्ये गरम होऊन आयडलला उभं असताना लाल दिवा हळूच चमकतो तेवढंच.

आता मेव्हण्यांकडं येतो, कारण तुमच्यापेक्षा त्यांची गाडी धोक्यात आहे आणि त्यांना पत्ता नाही.

बाटलीवर दोन गोष्टी असतात. पुढं मोठ्या आकड्यात ग्रेड, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात स्पेसिफिकेशन. सगळे पुढचं वाचतात. मागं एपीआय, म्हणजे अमेरिकेचं मानक, लिहून एसएन, एसपी असं असेल तर एस म्हणजे पेट्रोलवालं, सीएच-४, सीआय-४, सीके-४ असेल तर सी म्हणजे डिझेलवालं, पुष्कळ बाटल्यांवर दोन्ही असतात. शिवाय युरोपवाल्यांचं एसीईए, त्यात ए३/बी४, सी२, सी३ असे वर्ग. निव्वळ पेट्रोलचं ऑईल डिझेलला चालत नाही त्याचं कारण काजळी. डिझेल इंजिनात काजळी जास्त होते, ती ऑईलनं पोटात घेऊन तरंगत ठेवायची असते, गुठळी होऊ द्यायची नाही. म्हणूनच डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर दोन-तीनशे किलोमीटरमध्ये काळं पडतं आणि लोक धावत येतात, "ऑईल डुप्लिकेट टाकलं काय हो?" अहो काळं पडलं म्हणजे ते काम करतंय. डिझेलमध्ये ऑईल पिवळंधमक राहिलं तर मी काळजी करेन.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ बसला. डीपीएफ म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळीदार वीट समजा. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल मारून आतलं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. काजळी जळते, पण राख जळत नाही. ही राख येते कुठून, तर तुमच्या इंजिन ऑईलमधून. ऑईलमध्ये सफाईसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिजेसाठी झिंक घातलेलं असतं, प्रत्येक इंजिन थोडं ऑईल जाळतंच, आणि त्या धातूंची राख जाऊन डीपीएफमध्ये बसते. कायमची.

हिशोब मांडून दाखवतो. समजा गाडी दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑईल जाळते, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. सी३ ऑईलमध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के, म्हणजे जवळपास ७ ग्रॅम. दीड टक्का राखेचं ऑईल असेल तर १३ ग्रॅम. लाख किलोमीटरला एकीकडं ७० ग्रॅम, दुसरीकडं १३० ग्रॅम. जवळपास दुप्पट. सीआय-४ हा वर्ग २००२ चा, डीपीएफ डोक्यात ठेवून तो केलेलाच नाही, राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली ती त्यानंतरच्या सीजे-४ पासून. ट्रॅक्टरच्या ड्रमात बहुतेक वेळा सीएफ-४, सीएच-४ नाहीतर सीआय-४ च असतं. ट्रॅक्टरसाठी ते उत्तम, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण मेव्हण्यांच्या गाडीत त्याच ऑईलनं डीपीएफ अर्ध्या आयुष्यात भरणार, आणि नवीन डीपीएफची लाखाच्या घरातली कोटेशनं मी गिऱ्हाईकांच्या हातात बघितलीत. "काय होत नाही" हे खरं आहे हो, ५० हजार किलोमीटरपर्यंत काहीच होत नाही.

त्यांना एक गोष्ट आजच करायला सांगा, सकाळी गार इंजिनवर ऑईलची पट्टी काढून बघायची. बीएस-६ मध्ये पुष्कळदा ऑईल कमी न होता वाढतं. शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की डीपीएफची जाळणी अर्धवट राहते, परत सुरू होते, परत अर्धवट, आणि त्यासाठी मारलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये उतरतं. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं अशी एक गाडी आली होती, मालक खुशीत, "माझी गाडी एक थेंब ऑईल खात नाही". पट्टी काढली तर मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. बोटाला लावून वास घेतला तर सरळ डिझेल पंपावर उभा असल्यासारखं वाटलं. म्हणजे बाटलीवर ५डब्ल्यू-३० होतं, चेंबरमध्ये किती उरलं होतं देव जाणे. अशा वेळी ग्रेड बरोबर असून उपयोग शून्य, ऑईल लगेच बदलायचं आणि आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवायची.

स्पेसिफिकेशनमुळं इंजिन खरोखर जातं याचं सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपची पंप-ड्यूज डिझेल इंजिनं, आपल्याकडं १.९ टीडीआयच्या स्कोडा लॉरामध्ये होती ती. त्यात कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी, नाही, प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टचाच एक लोब, म्हणजे उंचवटा, दाबतो आणि २००० बारच्या आसपास प्रेशर तिथंच तयार होतं. सगळा भार कॅमवर. म्हणून त्या इंजिनासाठी ५०५.०१ असं खास मानक काढलं होतं. आता बाजारात ५डब्ल्यू-४० च्या ढीगभर बाटल्या, पण मागं ५०५.०१ नसेल तर ते ऑईल त्या कॅमला पुरत नाही, लोब झिजून टोकं बोथट होतात, टॅपेटला भोक पडेपर्यंत जातं. ग्रेड तोच, आकडे तेच, बाटलीच्या मागची एक ओळ नाही म्हणून हेडचं काम. म्हणून मी गिऱ्हाईकाला म्हणतो, पुढचा आकडा एक घर इकडंतिकडं झाला तर जेवून-खाऊन बदलू, मागची ओळ चुकली तर या आठवड्यात बदलू, आणि आत काय पडलंय तेच ठाऊक नसेल तर आज बदलू.

तुमचं तिसऱ्यात येतं. ड्रममधलं सुटं ऑईल. २०डब्ल्यू-४० त्यानं सांगितलं म्हणून, आत खरंच तेच होतं की गाळून परत विकलेलं काळं ऑईल होतं, कोण बघणार. ते अर्ध्या वाटेवर जीव वाचवायला ठीक होतं, राहू द्यायला नाही. एक सांगतो, वेगवेगळी इंजिन ऑईल एकमेकांत मिसळली की फाटतात, दह्यासारखी होतात, ही भीती काढून टाका. प्रमाणित इंजिन ऑईल एकमेकांत मिसळण्यासारखीच बनवावी लागतात. वाटेत कमी पडलं तर कुठल्याही ब्रँडचं, शेजारच्या ग्रेडचं सीलबंद इंजिन ऑईल खुशाल टाका, बाईकचं २०डब्ल्यू-४० मिळालं तरी टाका. फक्त गिअर ऑईल नको. ८०डब्ल्यू-९० आकडा बघून वाटतं फार जाड असेल, तसं नाही, गिअर ऑईलचे आकडे वेगळ्या पट्टीवर मोजतात, ९० नंबर गिअर ऑईल गरम असताना इंजिनच्या ४०-५० च्या जवळपासच असतं. पण त्यातली गंधकाची केमिकल्स गिअरच्या दातांसाठी असतात, बेअरिंगमधल्या तांबं-पितळाला ती खातात, आणि काजळी सांभाळायचं तर त्यात काहीच नसतं. उघडल्यावर सडक्या लसणासारखा वास येतो त्यावरून ओळखा. ते पडलं तर इंजिन स्टार्टही न करता खाली काढायचं.

फ्लशबद्दल माझं मत ऐका, काही जणांना पटणार नाही. सव्वा लाख किलोमीटरच्या इंजिनात मी केमिकल फ्लश मारत नाही. आत कुठं कुठं गाळ चिकटून बसलेला असतो, चिकटलेला असतो तोवर तो निरुपद्रवी, फ्लशनं तो सुटतो आणि पापुद्रे होऊन पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. एक चेंबर उतरवलेला अजून डोळ्यासमोर आहे. खंबाटकी घाटात सीझ झालेली गाडी, मालकाकडं बिलं होती, ग्रेड अगदी मॅन्युअलप्रमाणे, ब्रँड महागातला. फक्त एका सर्व्हिसनंतर दुसऱ्या सर्व्हिसच्या मधे २८ हजार किलोमीटर गेलेले. चेंबरचे बोल्ट काढले, तर चेंबर पडेना, पॅकिंगला नाही, आतल्या गाळालाच चिकटलेला. पेचकस घालून सोडवला तर तळाला बोटभर काळं मलम, फ्रिजात ठेवलेल्या काकवीसारखं, चेंबर उभा धरला तरी ओघळेना. जाळी तर दिसतच नव्हती, सुपारीएवढी जागा मोकळी होती तेवढ्यातून पंप ओढत होता. ऑईल बरोबर होतं आणि इंजिन मेलं होतं. त्या मालकाला जर कुणी मधे फुकटात कुठलंही सीलबंद १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलून दिलं असतं तर ती गाडी आज चालली असती.

जुने मिस्त्री सरसकट १५डब्ल्यू-४० का ओततात तेही सांगतो, त्यांना अगदीच अडाणी समजू नका. आमच्या उस्तादांची हयात सुमो, जीप आणि पहिल्या इंडिका डिझेलवर गेली, त्या इंजिनांना तेच लागायचं, पाच हजाराला बदलायचं, विषय संपला. तीच सवय नवीन इंजिनावर चालवली जाते एवढंच. तुमच्या डिझायरमध्ये डीपीएफ नाही, म्हणून तुमच्या गाडीत चांगलं सीआय-४ वालं १५डब्ल्यू-४० पडलं असतं तरी मी आभाळ कोसळलं म्हटलं नसतं, सकाळचा आवाज तेवढा राहिला असता.

आता करायचं काय ते सांगतो. गाडी १५-२० मिनिटं फिरवून गरम करा, मग सपाट जागेवर चेंबरचा नट काढून ऑईल पूर्ण गळू द्या, घाई नको, चहा पिऊन येईपर्यंत गळू द्या. गळताना स्वतः उभे राहा आणि बोटांत घेऊन बघा. नुसतं काळं असेल तर ठीक. उन्हात धरल्यावर सोनेरी-तांबूस चकाकी दिसली, रांगोळीतल्या चमकीसारखी, तर ते बेअरिंगचं पावडर आहे, मग बाकी सगळं सोडून चेंबर उतरवून बेअरिंग बघायची. फिल्टर नवीन टाका, जुना कापून उलगडून त्याच्या घड्यांत पण चमकी शोधा. नटाचा वॉशर नवीन, शंभराच्या आतली वस्तू आहे, त्यावर काटकसर करून पुढं थेंब थेंब गळत बसतो. मग मॅन्युअलमधलं ५डब्ल्यू-३० आणि त्याच पानावर लिहिलेलं स्पेसिफिकेशन, सीलबंद कॅनमधून, तुमच्यासमोर फोडलेलं. रिकामा कॅन घरी घेऊन जा नाहीतर तिथंच पेचकसानं भोक पाडा, चांगल्या ब्रँडच्या धड रिकाम्या कॅनला बाजारात गिऱ्हाईक असतं आणि त्यात काय भरून परत येतं ते तुम्हाला कळलं असेलच. कितीही गाळलं तरी पाव-अर्धा लिटर जुनं आतच राहतं, म्हणून माझ्याकडं गाडी असती तर हे नवीन ऑईल मी दोन-अडीच हजार किलोमीटरलाच एकदा काढलं असतं, तोच खरा फ्लश.

ऑईल बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून स्टार्ट करा. खडखड गेली किंवा सेकंदभरावर आली तर दोष जाड ऑईलचा होता, विसरून जा. तशीच राहिली तर टेन्शनर किंवा चेन थकलीय, १ लाख ३२ हजारला आणि ऑईलशिवाय पळवल्यावर ते नवल नाही, चेन किट टाकून घ्या, कारण चेननं दात सोडला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेडच उतरतं.

आणि आता मूळ मुद्दा, दोन लिटर. ते एका दिवसात गेलं नाही, महिनोन्‌महिने गेलंय आणि पट्टी कुणी काढली नाही. जायला दोनच वाटा, बाहेर किंवा आगीत. आगीत जात असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा घाट उतरून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर मागं निळसर धूर दिसेल. इंटरकूलरचा होस काढून बघायला सांगा, आत ऑईलचा ओलसर थर सगळ्याच टर्बो गाड्यांत असतो, पण वाटीभर साचलेलं निघालं तर टर्बोचं सील गेलंय. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडा, धूर फस्सकन तोंडावर आला आणि झाकण थरथर उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली चेंबरमध्ये गळतोय, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तिथं २०डब्ल्यू-५० टाकून गाडी विकून मोकळं व्हायचा सल्ला देणारे भेटतील, त्यानं धूर महिना-दोन महिने कमी होतो हे खरं, पण रिंगा काही परत वाढत नाहीत आणि पुढचा घेणारा पण आपल्यासारखाच असतो.

बाहेर जात असेल तर शोधणं सोपं. फिल्टर हाऊसिंग, व्हॅक्यूम पंपाचा जोड, चेंबरचा नट, गिअरबॉक्सच्या जोडापाशी क्रँकचं मागचं सील, या जागा कोरड्या पुसून घ्या. आज रात्री गाडी लावताना इंजिनखाली जुना टीव्हीचा पुठ्ठा अंथरा, पुढच्या टायरची जागा खडूनं खुणावा. पट्टी गार इंजिनवर पुसून परत घालून काढा आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवा, ५०० किलोमीटरनंतर परत. दोन्ही खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं, त्यावरून किती खाल्लं ते काढता येतं. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठल्या बाजूला पडलाय, पट्टी किती उतरली आणि धुराचा रंग काय, एवढं कळवा, मग टर्बो उघडायचा की नुसतं दोनशे रुपयाचं सील टाकायचं ते सांगतो.